लक्ष्मी तालाच्या काठी दोन नव्या मोटारी

झाशीच्या लक्ष्मी तालाचे नाव ऐकले की हा तलाव राणी लक्ष्मीबाईच्या नावाचा असावा, अशी पुष्कळांची समजूत होते. माझीही तीच होती. वस्तुतः हे नाव देवीचे आहे. जुन्या शहराच्या कोटाला जे दरवाजे आहेत, त्यांतल्या लक्ष्मी दरवाजाबाहेर महालक्ष्मीचे देऊळ आहे. रत्नागिरी जिल्ह्यातून इतक्या दूर येऊन सुभेदारी करणाऱ्या नेवाळकर घराण्याचे हे श्रद्धास्थान. देवीवरून दरवाजाला नाव मिळाले, आणि तलावालाही. बिठूरची मनू 1842 साली लग्न होऊन झाशीस आली, तेव्हा सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. म्हणजे राणी आणि तलाव या दोघांना नाव देणारी एकच. 'ताल' म्हणजे अर्थात तलाव. पण मराठी वाचकाच्या कानाला तो शब्द तबल्याची आठवण करून देतो, आणि भाषांतराचा धंदा करणाऱ्या माझ्यासारखीला अशा जागी उगाच थांबावेसे वाटते.

या तलावावर मी गेले ती इतिहासासाठी नव्हे. माझी आत्या लग्न होऊन झाशीस गेली, त्याला आता पन्नासाहून अधिक वर्षे झाली. तिने आईला मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी महालक्ष्मीच्या दर्शनाला बोलावले होते. 2024 साली तो गुरुवार 5 डिसेंबरला आला. मौजेची गोष्ट अशी की, उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो. त्यामुळे आत्याच्या शेजारणींचा अगहन निम्मा होऊन गेला होता आणि आत्याचा मार्गशीर्ष नुकता लागला होता. एकाच गल्लीत दोन पंचांगे सुखाने नांदतात. वडील गेल्यानंतर आईने दिल्लीबाहेर पाऊल टाकले नव्हते. ती जायला तयार झाली याचाच आम्हांला आनंद झाला होता. आणि आनंदाच्या भरात माझ्या धाकट्या भावाने जाहीर केले की, आपण नव्या मोटारीने जाऊ.

या मोटारीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण घरात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. दसऱ्याच्या मुहूर्तावर भावाने टाटांची 'अल्ट्रोझ रेसर' घेतली होती. रंग झेंडूच्या फुलाचा, तोंड काळे, आणि त्या काळ्यावर पांढरे दोन पट्टे. दिसायला घरगुती मोटार, आकारानेही घरगुती. पण 1200 घनसेंटिमीटरच्या तीन सिलिंडरी इंजिनाला टर्बो जोडून त्यातून 120 अश्वशक्ती काढलेली, आणि गिअर सहा. अशा गाड्यांना इंग्रजीत 'हॉट हॅच' म्हणतात. मागे एकदा एका लेखाच्या अनुवादात हा शब्द आला असता आमच्या कचेरीत त्यावर सबंध दुपार गेली होती. 'हॅच' म्हणजे जहाजाच्या तक्तपोशीवरचे, झाकण वर उचलून उघडायचे दार. पाठीमागे तसे दार असलेली ती हॅचबॅक. तिला 'हॉट' म्हणजे काय म्हणावे? कोणी 'तापट' सुचवले, कोणी 'तिखट'. शेवटी तसाच शब्द देवनागरीत छापून आम्ही मोकळे झालो. 'तिखट' हा शब्द तेव्हा उगाच नाकारला, असे आता वाटते.

जातकुळी तशी जुनी आहे. 1964 साली मिनी कूपर एस या चिमुकल्या गाडीने मोंते कार्लोची शर्यत जिंकून मोठ्या गाड्यांना खाली पाहायला लावले होते. पुढे 1976 मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय विक्रीस काढली. आधी बेत होता फक्त पाच हजार गाड्यांचा. खप लाखांवर गेला. भाजी आणायला, मुलांना शाळेत सोडायला जी गाडी, तीच रविवारी घाटात मालकाला तारुण्य परत देणार, हे त्या गाडीचे गमक होते. आपल्याकडे ही आवड महागाची म्हणून उशिरा रुजली. तथापि त्यात पुण्याच्या परिसराचा वाटा मोठा आहे: चाकणची पोलो जीटी 2013 साली आली, रांजणगावची पुंटो अबार्थ 2015 साली, आणि 2024 च्या जूनमध्ये ही अल्ट्रोझ रेसर. साडेनऊ ते अकरा लाख रुपये ही तेव्हा तिची मूळ किंमत होती. तेवढ्या पैशांत उंच आसनाची, ऐसपैस, क्लच नसलेली गाडी येऊ शकली असती, आणि आईच्या गुडघ्यांना ती अधिक सोयीची झाली असती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. कोणी बोलले नाही. भावाने कर्ज काढले ते पाच वर्षांचे.

आम्ही बुधवारी पहाटे निघालो. दिल्लीहून झाशी सुमारे साडेचारशे किलोमीटर. यमुना द्रुतगती मार्गाने आग्रा, पुढे धोलपूर, चंबळेवरचा पूल, मुरैना, ग्वाल्हेर आणि दतिया. उत्तर प्रदेशातून निघून, राजस्थान आणि मध्य प्रदेश यांना शिवून पुन्हा उत्तर प्रदेशातच यायचे, असा हा वळसा आहे. द्रुतगती मार्गाला मोटारींसाठी ताशी 100 किलोमीटरची मर्यादा आहे. मर्यादा आहे म्हणून बरे, असे मला मागे बसून वाटत होते. कारण शंभराचा काटा गाठायला त्या गाडीला फार वेळ लागत नव्हता, आणि काटा तिथे पोचला की भावाच्या चेहऱ्यावर शिक्षा झाल्यासारखा भाव येई.

आग्र्यापुढे रस्ता माणसाळतो. ट्रॅक्टर, म्हशी, उलट्या बाजूने येणारे दुचाकीस्वार. धोलपूर ओलांडल्यावर एका ट्रकला मागे टाकण्यासाठी भावाने गाडी बाहेर काढली, तिसऱ्या गिअरवर घेतली, आणि ती जी उसळली ती खरोखर पाहण्यासारखी होती. पण समोरून, आमच्याच बाजूने, भुशाने फुगलेला एक ट्रॅक्टर येत होता. भावाने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी बसल्यासारखी थांबली. ट्रॅक्टरवाला आमच्याकडे न पाहता निघून गेला. कोणाला काही झाले नाही. आईच्या मांडीवरचा नैवेद्याच्या लाडवांचा डबा मात्र खाली पडला आणि लाडू पायांशी घरंगळले. आईने ते एकेक करून उचलले, डब्यात ठेवले आणि डबा माझ्याकडे दिला. ती काहीच बोलली नाही. भावाने "आई, ठीक आहेस ना?" म्हणून विचारले, तेव्हाही तिने नुसती मान हलवली. मुरैन्यास आम्ही गजक घेतली. थंडीत तिथली गजक घ्यायलाच हवी. ग्वाल्हेरला फूलबागेत राणीच्या समाधीपाशी उतरलो. 1858 च्या जूनमध्ये राणी तिथे पडली. तिचा नेहमीचा घोडा त्या दिवशी नव्हता, नवा घोडा ओढ्याशी अडला आणि उडी घेईना, असे सांगतात. तिथे उभे असता आईने भावाकडे पाहिले की मला तसे भासले, हे मला आता नक्की सांगता येत नाही.

झाशीला पोचल्यावर आई आत्याच्या थोरल्या मुलाला, म्हणजे आमच्या आतेभावाला, बाजूला घेऊन काहीतरी बोलली. रात्री मला कळले ते असे की, तिने त्याच्याकडून शुक्रवार सकाळच्या वंदे भारत गाडीचे एक तिकीट काढवून घेतले होते. एकच.

गुरुवारी संध्याकाळी दर्शन आटोपून आम्ही सगळे तलावावर आलो. देवळात बायकांची गर्दी होती, त्यांतल्या काही नऊवारी नेसलेल्या. झाशीत मराठी कुटुंबे अजून आहेत, आणि गणेश बाजारातल्या ज्या गणपतीच्या देवळात राणीचे लग्न लागले असे सांगतात, तिथे ती सणावारी जमतात. तलावाजवळच महाराज गंगाधररावांची छत्री आहे. 21 नोव्हेंबर 1853 रोजी ते वारले. नाटकांचे मोठे षोकी, ग्रंथांचेही. आदल्याच दिवशी दामोदररावांना दत्तक घेतले होते, आणि ते दत्तकविधान इंग्रजांनी नामंजूर केले, हे पुढचे महाभारत सर्वांना माहीत आहे. छत्री राणीने बांधवली. ती पाहताना मला वाटले, या सबंध शहरात राणीचे पुतळे घोड्यावरचे, तलवार उगारलेले. पण नवऱ्यामागे राहिलेल्या अठरा-एकोणीस किंवा फार तर पंचवीस वर्षांच्या बाईने (तिच्या जन्मसालाविषयी एकमत नाही) त्याच्यासाठी काय केले ते पाहायचे असेल तर इथे यावे लागते. आई तिथे बराच वेळ उभी होती.

तलाव मोठा आहे, आणि त्याचे हाल झाले होते तेही मोठे. गावचे सांडपाणी त्यात येई आणि जलपर्णीने पाणी झाकून जाई. अलीकडच्या वर्षांत सफाई झाली, काठ बांधले गेले. तरी पाणी नितळ आहे असे म्हणवत नाही. पण सूर्य कलला की घाण दिसेनाशी होते आणि विस्तार तेवढा उरतो. एक हातगाडीवाला उकडलेले काळे शिंगाडे विकत होता. ते सोलून खात आम्ही बसलो, आणि मग ज्याची मला भीती होती तेच सुरू झाले: मोटारींच्या गोष्टी.

कारण असे की, आतेभावाकडेही त्याच वर्षी आलेली त्याच जातीची गाडी होती: ह्युंडाईची 'आय-20 एन लाइन', निळी, इंजिन एक लिटरचे, तेही तीन सिलिंडरी आणि टर्बोचे, शक्ती तीच, 120. त्याचे झाशीत विजेच्या सामानाचे दुकान आहे आणि मागणी घेण्यासाठी त्याला ललितपूर, ओरई, कानपूरपर्यंत जावे लागते. एक गाडी पुण्याकडची, एक चेन्नईजवळची. दोघी देवळाजवळ शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि भोवती पोरे जमली होती.

"तुझी खालच्या फेऱ्यांना झोपते का रे?" आतेभावाने विचारले.

"झोपते म्हणजे? दोन हजारांखाली कुंभकर्ण. वर गेली की मग ओळखत नाही."

टर्बोचा स्वभावच तसा असतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूने एक चक्री फिरते, ती चक्री बाहेरची हवा दाबून पुन्हा इंजिनात लोटते, आणि जास्त हवा मिळाली म्हणजे जास्त इंधन जळते. लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाचे काम होते ते यामुळे. पण चक्रीला वेग यायला आधी वायू पुरेसा हवा. तोवर पाय दाबला तरी गाडी विचार करीत राहते, आणि विचार संपला की एकदम पळते. नव्या मालकाची फसगत होते ती या मधल्या क्षणात. आतेभाऊ म्हणाला, "सुरुवातीला मी समजायचो की ती ऐकत नाहीये, म्हणून आणखी दाबायचो. मग ती अशी भागायची की माझेच हात सुटायचे. आता मी आधी गिअर उतरवतो, मग दाबतो. हे समजायला मला सहा महिने लागले." झाशीच्या मराठीत 'पळणे' नसते, 'भागणे' असते; ऐकायला गोड वाटते.

मग किती पेट्रोल खाते याचा हिशेब निघाला. भावाची गाडी दिल्लीच्या गर्दीत लिटरला अकराच्या आसपास देते; येताना द्रुतगती मार्गावर, मर्यादेमुळे का होईना, सोळा मिळाले. आतेभावाचे आकडे फार वेगळे नव्हते. पण त्याने एक कबुली दिली: कानपूरला एकदा घाईने गेला तेव्हा नऊच मिळाले, आणि घरून निघताना वाटले होते तितका वेळही वाचला नाही, फार तर वीस मिनिटे. टायरांविषयी दोघांचे एकमत होते की, हवा कमी-जास्त झालेली या गाड्यांना खपत नाही. सिमेंटचा द्रुतगती मार्ग उन्हाळ्यात तापतो, तेव्हा तर निघण्यापूर्वी हवा पाहिल्याशिवाय जाऊच नये. गतिरोधकांविषयी दोघांनीही जे शब्द वापरले ते या मासिकात छापण्याजोगे नाहीत. गाडी कडक बसवलेली, म्हणून वळणावर ती झुकत नाही, घट्ट धरून राहते. पण त्याच कडकपणामुळे जुन्या शहरातल्या गल्लीत प्रत्येक फरशीचा सांधा कमरेला कळतो. आत्या म्हणाली, "मला कळतो. तुम्हांला कुठला कळतोय?"

माझ्या भावजयीचे बोलणे त्या दिवसांत मी प्रथमच नीट ऐकले. ती रोज हीच गाडी घेऊन नोएडाला कामावर जाते, हे आम्ही सगळे विसरलो होतो. ती म्हणाली, "ताई, मला कोणी विचारतच नाही. गाडी ह्यांची, असे सगळे म्हणतात. हप्ता मात्र दोघांच्या पगारातून जातो. मला विचाराल तर ती तिसऱ्या गिअरमध्ये सर्वांत शहाणी असते. चाळीस-पन्नासावर, रस्ता मोकळा असावा, काही सिद्ध करायचे नसावे. मग स्टिअरिंग असे हलके, पण नेमके लागते की हातातली सुई वाटते. हे कधी तसे चालवीतच नाहीत."

भाऊ हसला, पण त्याला लागले असावे. थोड्या वेळाने तो आपण होऊन म्हणाला, "मी दिवसाचे नऊ तास पडद्यापुढे बसतो. तिथे मी जे करतो ते खरोखर कुठे जाते, मला दिसत नाही. या गाडीत हात हलवला की काहीतरी होते. अर्धा तास. तेवढ्यासाठी घेतली." यावर कोणी काही बोलले नाही. मला स्वतःला हे कारण ऐपतीपेक्षा अधिक पटले. इतरांना कितपत पटले, न कळे.

आत्याने मग गोष्ट काढली. झाशीतल्या मुलांना ती लहानपणापासून ऐकवतात. घोड्यांचा एक सौदागर दोन घोडे घेऊन राणीकडे आला. दोन्ही दिसायला सारखेच, उमदे. राणीने दोघांवर बसून फेरी मारली आणि एकाची किंमत भरपूर सांगितली, दुसऱ्याची अगदीच किरकोळ. कारण विचारता म्हणाली, याच्या छातीला आत दुखापत झाली आहे. आणि सौदागराने ते कबूल केले. घोड्यांची तिची पारख अशी होती म्हणतात. विष्णुभट गोडसे यांनीही 'माझा प्रवास' या पुस्तकात राणीच्या अश्वपरीक्षेची वाखाणणी केली आहे, आणि या देवळात दर्शनाला ती कधी पालखीतून, कधी घोड्यावरून येत असे, हेही सांगितले आहे. गोडसे भटजी पेण तालुक्यातल्या वरसईहून 1857 साली निघाले ते घरचे कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळवावी म्हणून. वाटेत बंडात सापडले, आणि 1858 च्या वेढ्यात ते याच शहरात होते. त्यांचा प्रवास मुख्यतः पायी. आम्ही काल जे अंतर अर्ध्या दिवसात काटले, त्याला त्यांना किती मुक्काम पडले असते, याचा हिशेब मी मनात मांडू लागले आणि सोडून दिला. त्यांनी वाटेवरचे प्रत्येक गाव, तिथले पाणी, तिथल्या माणसांचा आदर-अनादर लिहून ठेवला आहे. मला कालच्या वाटेवरचे गजकेचे दुकान आणि ट्रॅक्टर एवढेच आठवत होते.

"पण राणी फेरी मारायची ती घोड्याला ओळखायला," आत्या म्हणाली. "घोड्याला दाखवायला नव्हे."

आता अंधार पडला होता. पलीकडच्या काठावरचे दिवे पाण्यात लांबट दिसत होते. भावाने एकाएकी विचारले, "आई, तू उद्या रेल्वेने का चालली आहेस?" म्हणजे त्यालाही कळले होते.

आई शिंगाडा सोलत होती. ती म्हणाली, "ती गाडी तुझ्या मोटारीपेक्षा जोरात जाते म्हणून."

सगळे हसले. आई हसली नाही.

"वेगाची मला भीती नाही रे. तुझे बाबा पद्मिनी चालवायचे. पन्नासाच्या वर कधी गेले असतील तर शपथ. पण वाटेतल्या प्रत्येक गावाची पाटी मोठ्याने वाचायचे. कोसी कलान आले. होडल आले. मला पाटी दिसत असे, तरी वाचायचे. मला तेव्हा त्याचा कंटाळा यायचा. काल तू दिल्लीपासून इथवर माझ्याशी सगळी मिळून चार वाक्ये बोललास. तू गाडीशी बोलत होतास. मग मी काय, आगगाडीत बसते. तिथे निदान शेजारची बाई तरी बोलेल."

भावाने उत्तर दिले नाही. आतेभाऊ उठून शिंगाडेवाल्याचे पैसे द्यायला गेला, आणि मला वाटते, तेवढ्यासाठीच गेला. त्याच्या बायकोने मला हळूच सांगितले की, त्याच्या गाडीपुढेही कानपूर रस्त्यावर एकदा नीलगाय आली होती. त्या दिवसापासून तो घरातले माणूस गाडीत असले की वेगळाच चालवतो. एकटा असला तर काय करतो ते तिला ठाऊक नाही आणि तिने विचारलेले नाही. परत जाताना मी त्याच्याच गाडीत बसले. लक्ष्मी दरवाजाकडून गल्लीत शिरलो तेव्हा पुढे एक म्हातारा सायकल हातात धरून चालत होता. एकशे वीस अश्वशक्तीची ती मोटार त्याच्यामागून पहिल्या गिअरवर, कर्णा न वाजवता, तो वळेपर्यंत चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती त्या झेंडूच्या गाडीच्या आवाजाने. या गाडीचा आवाज मुद्दाम घुमारेदार केलेला आहे. गल्लीतली सर्व कुत्री जागी झाली. खिडकीतून पाहिले तो भाऊ आणि आई, दोघेच, निघाली होती. तासाभराने परत आली. तलावावर गेलो होतो, एवढेच दोघांनी सांगितले. पाण्यावर धुके होते, आणि बदके पुष्कळ होती, म्हणे. आईच्या हातात दुधाची पिशवी होती आणि भावाच्या हातात पाव किलो शिंगाडे. तिथे काय बोलणे झाले, किंवा झाले की नाही, ते मी विचारले नाही.

चहा झाल्यावर आईने भावजयीला विचारले, "अगं, तिकीट आता रद्द केले तर पैसे किती परत येतात?"

भावजयीने फोन पाहिला. गाडी सुटायला दोन तासही उरले नव्हते. "आता काहीच येत नाही, आई."

"असू दे," आई म्हणाली. मग गजकेचे डबे मोजून तिने एक आत्याकडे ठेवला, बाकीचे माझ्याकडे दिले. निघताना भावजय चाकावर बसली आणि आई तिच्या शेजारी. पट्टा तिला नीट लागेना, तो भावाने बाहेर उभे राहून लावून दिला आणि मग माझ्याजवळ मागे येऊन बसला. त्याचे गुडघे पुढच्या आसनाला लागत होते. गाव संपले. दतियाचा पहिला फलक दिसला, तो त्याने मागूनच मोठ्याने वाचला.